चाके मोजण्याचा नाद

कुणाला तिकिटे जमविण्याचा नाद असतो, कुणाला तबल्याचा. मला वाटेने जाणाऱ्या ट्रकची चाके मोजण्याचा आहे. आमचे रेणापूर लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरचे. तेव्हा या नादाला खर्च असा नाहीच. दिवाळीच्या सुमारास तर पर्वणी! सोयाबीनची पोती लातूरच्या बाजाराकडे निघालेली असतात, आणि हंगाम लागला की उसाच्या गाड्या कारखान्याकडे.

चाके मोजता मोजता माणूस आसापर्यंत पोहोचतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. बैलगाडीवाले त्याला आख म्हणतात, ट्रकवाले एक्सल. बैलगाडीला आस एकच. सहा चाकी ट्रकला दोन: पुढच्याला दोन चाके, मागच्याला चार. दहा चाकीला तीन. त्यांतले मागचे दोघे भावाभावांसारखे खेटून उभे. बावीस चाकी म्हणजे दहा चाकांचा घोडा आणि त्यामागे बारा चाकांचा ट्रेलर. आस एकूण सहा.

काही ट्रकांचा एक आस वर उचलता येतो. गाडी रिकामी असली की तो अधांतरी राहतो, टायर झिजत नाहीत. गाडी भरली की खाली टेकवायचा. प्रत्येक घरात असा एक आस असतोच. फराळाच्या धांदलीत तो कुठे अधांतरी असतो, ते घरच्या बाईंना विचारावे!

सरकारही हिशेब आसाचा करते. २०१८ साली केंद्राने मर्यादा वाढविली. चार चाकांच्या एका आसाला साडेअकरा टन. जवळजवळच्या जोडीला मात्र तेवीस नव्हे, एकवीस. शेजारी उभे राहून दोघे रस्त्याच्या एकाच तुकड्यावर रेटतात ना!

हा कडकपणा उगीच नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ पासून सुमारे दोन वर्षे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ट्रक फिरवून पाहिले. एका आसावरचा भार दुप्पट केला, तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही. सुमारे सोळापट होते. मग आमच्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांचे काय होत असेल? ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरून जास्तीची पोती लादलेला ट्रक जातो, तेव्हा मालकाचे भाडे वाचते आणि खड्डा गावाच्या वाट्याला येतो.

सोळापटीचा तो आकडा वाचला आणि मला आमचे दादा आठवले. वडील गेले तेव्हा ते चोवीस वर्षांचे. शेत, कर्ज, दोन बहिणींची लग्ने, आम्हा धाकट्यांचे शिक्षण, सगळे त्या एका आसावर. आम्ही हात पुढे केला की म्हणत, "तुम्ही शिका. माझे चालले आहे." चालले होतेच, पण पंचेचाळिशीत पाठीने त्यांना अंथरुणाला खिळविले. मग आमच्या घरात वाटणी झाली. जमिनीची नव्हे, ओझ्याची! शेत धाकट्याने पाहिले, कर्ज मी फेडले, बहिणींनी आईला पाळीपाळीने नेले. वर्षाने दादा काठी टेकत बांधावर जाऊ लागले.

परवा मी त्यांना सोळापटीचा हिशेब सांगितला. म्हणाले, "रस्त्याला बोलता येत नाही, म्हणून मोजावे लागते. माणूस बोलतो की!"

"दादा, तुम्ही कधी बोललात?"

यावर ते नुसते हसले, आणि ताटातला लाडू मोडून अर्धा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.