सहाव्या मिनिटाची तहकुबी

पुणे,
दि. ५ फेब्रुवारी २०२३

चि. ऋता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत धाडलेला, खेळाडूंच्या छळाच्या चौकशीचा सॅली येट्सबाईंचा अहवाल, दोन्ही पावले. पत्र एका बैठकीत वाचून झाले. अहवाल मात्र हाती पेन्सिल धरून, समासात खुणा करीत, पुरवून पुरवून वाचला, कारण कामगार न्यायालयाच्या कचेरीत उभी हयात गेल्यावर चौकशीचा कागद अन्य रीतीने वाचणे या वयात आता जमावयाचे नाही.

तुझ्या पत्रातला मुख्य मुद्दा असा, की २०२१ च्या अमेरिकेतील राष्ट्रीय महिला फुटबॉल लीगच्या हंगामाचे नाव काढताच लोक बडतर्फ झालेल्या प्रशिक्षकांची यादी म्हणू लागतात, आणि ज्या मुलींनी तो हंगाम खेळून दाखविला त्यांचे कर्तृत्व त्या गदारोळात बुडून जाते; तेव्हा खेळाकडे खेळ म्हणून पाहणारे कोणी शिल्लक आहे की नाही, असा तुझा सवाल आहे. सवाल रास्त आहे, आणि तो तुझ्यासारख्या गोलरक्षिकेने विचारावा हे तर अधिकच रास्त. तरीही तुझ्या म्हणण्याशी मी पुरती सहमत नाही, आणि का नाही, ते सवडीने लिहिते.

प्रथम खेळाविषयी. २० नोव्हेंबरचा तो अंतिम सामना, जो तू लुईव्हिलच्या स्टेडियमात गारठत बसून पाहिलास, तो मी इथे मागाहून दोनदा पाहिला आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच इरादा नाही. शिकागोच्या रेचल हिलने मध्यंतराच्या तोंडावर केलेला गोल, अँडी सलिव्हनने पेनल्टीवर साधलेली बरोबरी, आणि जादा वेळेत, सत्त्याण्णवाव्या मिनिटाला, एकोणीस वर्षांच्या ट्रिनिटी रॉडमनने बगलेवरून उचलून दिलेला चेंडू दूरच्या खांबाशी धावत येऊन डोक्याने जाळ्यात लोटणारी केली ओहारा, हे सारे विसरण्याजोगे नाही. ऑब्री ब्लेडसो त्या सामन्याची मानकरी ठरली म्हणून तू दीड पान लिहिलेस, त्यातही अतिशयोक्ती नाही. वॉशिंग्टनच्या ज्या संघाच्या नावे सप्टेंबरात, करोनाच्या नियमभंगापायी, दोन सामने न खेळताच गमावल्याची नोंद झाली होती, त्याने शेवटी चषक उचलला, हे नवलच म्हणायचे.

परंतु त्या दिवशी समोरासमोर उभे ठाकलेले दोन संघ कोणत्या अवस्थेतून तिथवर आले होते? वॉशिंग्टनचा प्रशिक्षक रिची बर्क ऑगस्टात प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडतो असे क्लबाने आधी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी तो खेळाडूंना किती हीन भाषेत बोलतो याचा वृत्तांत वॉशिंग्टन पोस्टने छापला, तेव्हा कुठे प्रकृतीचे कारण मागे पडले. शिकागोचा रोरी डेम्स, जो त्या अंतिम सामन्यात कडेला उभा राहून आज्ञा देत होता, त्याने सामन्यास दोन दिवस लोटतात न लोटतात तोच राजीनामा दिला, आणि त्याच्याविषयीही तसाच मजकूर पाठोपाठ प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या नव्वद आणि तीस मिनिटांना तू शुद्ध खेळ म्हणतेस, ती दोन्ही बाजूंच्या मुलींनी कोणते ओझे अंगावर वागवीत खेळली, हे बाजूला ठेवले तर त्यांच्या कर्तृत्वाचेही अर्धेच माप होते.

आता दप्तराकडे वळू, कारण माझे मन तिथेच अडकले आहे. मना शिम या पोर्टलंडच्या खेळाडूने २०१५ साली पॉल रायली या प्रशिक्षकाविरुद्ध लेखी फिर्याद दिली होती. क्लबाने चौकशी केली, त्याला काढले, आणि जाहीर मात्र एवढेच केले की त्याचा करार पुढे चालविला जाणार नाही, वर आभारही मानले. चौकशीचा कागद लीगकडे गेला, राष्ट्रीय महासंघाकडेही गेला, आणि दोन्ही ठिकाणी कपाटात बसला. पुढील हंगामापूर्वी तोच गृहस्थ दुसऱ्या क्लबाचा प्रशिक्षक झाला, २०१६ साली विजेता ठरला, संघ नॉर्थ कॅरोलिनात हलल्यावर २०१८ आणि २०१९ मध्ये पुन्हा विजेता ठरला, आणि मधल्या काळात वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून दोनदा गौरविला गेला. बहुतेक आरोप त्याने नाकारले आहेत, तेही नमूद करते, कारण प्रतिवादीचे म्हणणे वगळून लिहिलेला टिपणीकागद आमच्याकडे परत येत असे. पण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न त्या एका माणसाचा नाहीच. फिर्याद दाखल झाली होती, तिची चौकशी झाली होती, निष्कर्ष निघाला होता. उणीव होती ती एवढीच, की त्या निष्कर्षाची प्रत कोणाच्या हाती पडावी याचा कोणताही शिरस्ता नव्हता, आणि जिच्या फिर्यादीवर तो सारा खटाटोप झाला तिला तर तो पाहण्याचाही हक्क नव्हता.

तू विचारशील, की मुली इतकी वर्षे गप्प कशा राहिल्या. याचे उत्तर मला अहवालातील प्रत्यक्ष छळाच्या वर्णनांपेक्षा त्या लीगच्या जमाखर्चात अधिक स्पष्ट दिसते. पहिली व्यावसायिक महिला लीग २००१ मध्ये निघाली आणि तीन हंगामांत बुडाली. दुसरी २००९ मध्ये निघाली आणि तिनेही तीनच हंगाम पाहिले. हे तिसरे दुकान २०१३ मध्ये उघडले, तेही महासंघाच्या आधारावर. अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकीच्या मनात एकच धाक असतो, की आपण तोंड उघडले आणि मालकाने गाशा गुंडाळला, तर आपल्यासह इतर शंभरजणींची रोजीरोटी जाईल. त्यात २०२१ सालीसुद्धा किमान वार्षिक वेतन २२,००० डॉलर, कोणत्या गावी खेळायचे ते खेळाडूने नव्हे, क्लबांनी आपापसांत ठरवायचे, आणि न विचारता बदलीही व्हावयाची! आपल्याकडील हंगामी कामगारांची जी कैफियत मी वर्षानुवर्षे ऐकली, तिच्यात आणि हिच्यात मला रकमेचा फरक दिसतो, जातीचा दिसत नाही.

म्हणून त्या वर्षीच्या वसंतात दोनशेहून अधिक खेळाडूंनी सह्या करून छळप्रतिबंधक नियमावलीची मागणी केली आणि ती मान्य करून घेतली, ही घटना माझ्या लेखी साऱ्या हंगामातील पहिला गोल होय. नियमावली अस्तित्वात येताच शिम आणि तिची सहकारी शिनेड फॅरेली यांनी आयुक्त लिसा बेअर्ड यांना नव्याने चौकशी करावी असे लिहिले. उत्तर आले, की २०१५ च्या प्रकरणाचा निकाल लागलेला आहे आणि तपशील देता येत नाही. ३० सप्टेंबरला ‘द ॲथलेटिक’ने दोघींची हकीकत छापली, आणि त्यांची सहखेळाडू ॲलेक्स मॉर्गन हिने तो पत्रव्यवहार चारचौघांत उघडा केला. त्याच दिवशी रायली बडतर्फ. दुसऱ्या दिवशी आयुक्तांचा राजीनामा. आणि खेळाडूंच्या मागणीवरून त्या आठवडाअखेरचे सगळे सामने तहकूब.

पुढे ६ ऑक्टोबरला खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा सहाव्या मिनिटाला दोन्ही संघांतील मुली खेळ थांबवून मध्यवर्तुळात आल्या, हातात हात गुंफून एक मिनिट उभ्या राहिल्या; त्या दोघींचे म्हणणे ऐकले जाण्यास सहा वर्षे लागली म्हणून सहावे मिनिट. त्या चित्राने तुझे डोळे भरून आले असे तू लिहितेस. मला मात्र त्या मिनिटाहून, त्याच दिवशी त्यांच्या संघटनेने पुढे ठेवलेल्या आठ मागण्यांचा मसुदा अधिक मोलाचा वाटला. चौकशीखाली असलेल्या इसमास तत्काळ निलंबित करावे, आणि २०१५ च्या चौकशीसह जुने सर्व अहवाल उघड करावेत, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. संपकरी घोषणा देतात त्या मी पुष्कळ ऐकल्या. पण कपाटातला कोणता कागद हवा ते नेमके ठाऊक असलेले संपकरी विरळा. अंतिम सामना मुळात पोर्टलंडला, तिकडील सकाळी नऊ वाजता ठेवला होता, तो खेळाडूंच्या हरकतीवरून लुईव्हिलला हलला. वॉशिंग्टनच्या मुलींनी तर मालकाला जाहीर पत्र लिहून क्लब भागीदार मिशेल कँग यांना विकून टाका असे सुनावले, आणि पुढे झालेही तसेच. कामगारांनी मालक बदलून घेतल्याचे उदाहरण आमच्या कचेरीत मी तरी पाहिले नाही.

२०२२ च्या जानेवारीअखेर लीगच्या इतिहासातील पहिला सामुदायिक करार मंजूर झाला: किमान वेतन ३५,००० डॉलर, आठ आठवड्यांची भरपगारी पालकत्व रजा, आणि सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूस आपला क्लब आपण निवडण्याची मुभा. सहा वर्षे मला फार वाटतात. गेल्या महिन्यात रायली, बर्क, डेम्स आणि लुईव्हिलचा क्रिस्टी हॉली या चौघांना कायमची बंदी झाली, शिकागोला पंधरा लाख आणि पोर्टलंडला दहा लाख डॉलर दंड झाला. दंड मालक भरतील आणि विसरतील, माझा भर बंदीवर आहे, कारण तिच्यामुळे निदान एका क्लबातून निघून दुसऱ्यात दाखल होण्याची ती वाट बुजली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्याचा निकाल १९९७ साली दिला आणि कायदा यायला २०१३ उजाडले. समिती कागदावर नेमून फलक टांगला की काम झाले असे मानणारी आस्थापने मी मोजून दमले. तेव्हा तिकडच्या कराराने सर्व काही सुरळीत झाले असे मी म्हणत नाही. दाद कोणाकडे मागावी, किती दिवसांत उत्तर मिळावे, आणि उत्तराची प्रत कोणाला द्यावी, एवढे ठरले तरी पुढचे भांडण भांडता येते.

तुझे विद्यापीठातले शेवटचे वर्ष पुढच्या हिवाळ्यात संपेल आणि तुझेही नाव लीगचे क्लब नव्या खेळाडू निवडतात त्या यादीत जाईल, असे दादाने कळविले आहे. कोणता क्लब तुला उचलेल ते तुझ्या हाती नाही, हे मला खुपते, पण तो नियम आज आहे तसा आहे. संघटनेची सभासद पहिल्याच दिवशी हो. करार हाती येईल त्यातील वेतनाचा आकडा तू वाचशीलच. तक्रारनिवारणाचे आणि बदलीचे कलम मला वाचायचे आहे, तेव्हा त्याची प्रत जोडपत्रांसह इकडे धाड, आणि माझे उत्तर येईपर्यंत सही करू नकोस. दादाला आणि वहिनींना सांगणे, की पोरीच्या खर्चाची काळजी करीत बसू नये.

तुझी,
आत्या