रत्नागिरीची पाखाडी आणि गुलमर्गचा बर्फ

उतार कसा उतरावा हे शिकण्यासाठी रत्नागिरीचा मनुष्य परमुलखात गेला, असे सांगितले तर आमच्या आळीतील मंडळी हसतील. आमचे गावच मुळी उतारावर वसलेले. वर जांभ्याचा सडा, खाली खाडी अथवा समुद्र, आणि दोहोंच्या मध्ये आगरे, घरे व त्यांना जोडणाऱ्या पाखाड्या. देशावरील वाचकांसाठी सांगावयाचे तर पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली पायवाट. कोठे पायऱ्या, कोठे नुसता उतार. उन्हाळ्यात हे खडबडीत चिरे पाय घट्ट धरतात. परंतु येथे वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. श्रावण उजाडेपर्यंत चिऱ्याचिऱ्यावर शेवाळाचा हिरवा लेप चढतो आणि भल्याभल्यांची गाळण उडते.

दोन वर्षांमागे अशाच एका सकाळी घरामागील पाखाडीवर आम्ही आडवे झालो व डाव्या हाताचे मनगट मोडून घेतले. हाड दीड महिन्यात सांधले. धीर मात्र सांधला नाही. पुढच्या पावसाळ्यात देवळाच्या उत्सवासही आम्ही मोटाररस्त्याने वळसा घालून जाऊ लागलो. ऐंशी उलटलेल्या आमच्या थोरल्या काकू मात्र हातात फुलांची परडी घेऊन त्याच पाखाडीने उतरत. घरातील मुले तोंडावर काही बोलत नसत. पण आमच्याकडे व काकूंकडे आळीपाळीने पाहत, तेवढे पुरेसे होते.

आमचा पुतण्या स्कीचा, म्हणजे पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाचा, नादी आहे. मनगट मोडण्यापूर्वी त्याच्या संगतीने आम्ही दोन हिवाळे गुलमर्गच्या सौम्य उतारावर प्राथमिक धडे गिरविले होते. गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, "काका, आता उभ्या उताराचे शिक्षण घ्या." पडलेल्या माणसास हा उपचार त्याने कोणत्या शास्त्राधारे सुचविला, देव जाणे, आणि आम्ही तो पत्करला का, हेही आम्हांस अद्याप कोडेच आहे. काकूंनी एवढेच विचारले, "उतरायला शिकायला इतक्या लांब कशाला रे? चार दिवस माझ्या मागून चाल."

आगगाडीने दिल्ली, विमानाने श्रीनगर, आणि टंगमर्गापासून तेरा किलोमीटरांचा वळणावळणांचा चढ, असा प्रवास झाला. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. येथे ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ साली स्की क्लब काढला. आता तारेवरून जाणारे पाळणे दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरांवर, नेऊन सोडतात. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमलोट सुटण्याचा धोका सर्वांत अधिक. म्हणून ताजा बर्फ पडला की वरचा टप्पा बंद ठेवतात. आमच्या मुक्कामात तो दोन दिवस बंद राहिला. त्या बातमीने पुतण्या खट्टू झाला. आम्हांस झालेला आनंद आम्ही मफलरीत लपविला.

उभ्या उताराची ही विद्या फार जुनी नाही. स्की मूळची नॉर्वेची. आल्प्सच्या कड्यांवर ती तशीच्या तशी चालेना. तेव्हा ऑस्ट्रियातील लिलीनफेल्ड येथे माथियास झ्दार्स्की या गृहस्थाने वर्षानुवर्षे एकट्याने प्रयोग करून उभ्या उताराची पद्धत बसविली आणि १८९६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९१६ साली, महायुद्धात, हा मनुष्य हिमलोटाखाली सापडला व त्याची हाडे सुमारे ८० ठिकाणी मोडली. तरीही तो पुन्हा चालू लागला, एवढेच नव्हे तर पुन्हा स्कीवर उभा राहिला. रात्री शेगडीपाशी पुतण्याने ही कथा सांगितली, तेव्हा आमचा हात नकळत मनगटाकडे गेला. एक मनगट आणि ८० हाडे! आम्ही विषय बदलला.

आमचा शिक्षक काश्मिरी तरुण, मितभाषी. पहिल्या दिवशी त्याने बर्फाचा एक गोळा करून उतारावर सोडला. तो गोळा ज्या रेषेने गडगडत गेला, ती उताराची मूळ रेषा. आमच्या मनात आले, ही तर पाण्याची वाट! पागोळ्यांचे पाणी सड्यावरून आगरात ज्या वाटेने धावते तीच. दोन दिवस केवळ एकच अभ्यास: पट्ट्या त्या वाटेस आडव्या धरून उभे राहावयाचे; घोटे किंचित खाली वळवून पट्ट्या सपाट केल्या की बाजूने घसरणे, डोंगराकडे कलत्या केल्या की पोलादी कड बर्फात रुतून थांबणे. हे सुटसुटीत वाटते. पण पायाखाली ३५ अंशांचा उतार पसरलेला दिसला की शरीर आपले ऐकत नाही. ते डोंगरास बिलगू पाहते. खांदे वरच्या बाजूस झुकतात, पट्ट्यांवरचा भार निघून जातो, कड सुटते आणि मनुष्य कोसळतो. आमची सर्व पडझड याच रीतीने झाली. "वादी की तरफ देखिए, पहाड़ को मत पकड़िए," असे शिक्षक दिवसभर सांगे.

वळण घेणे याहून कठीण. छाती दरीकडे ठेवून काठी खालच्या अंगास रोवावयाची, जुना आधार सोडावयाचा आणि क्षणभर दोन्ही पट्ट्या थेट पाण्याच्या वाटेस लावावयाच्या. वेग आवरतो तो मागे रेलल्याने नव्हे, तर ते वळण पुरते घेऊन पट्ट्या पुन्हा आडव्या केल्याने. त्या एका क्षणात मागे रेलावेसे वाटते, आणि रेललेला मनुष्य पट्ट्यांचा धनी राहत नाही. पाचव्या दिवशी आम्ही त्या उतारावर सलग अकरा वळणे घेतली. बाराव्यात पडलो व बरेच अंतर पाठीवर गेलो. पण शिकविल्याप्रमाणे पाय खाली फिरवून कडा रोविल्या आणि थांबलो. मनगट शाबूत होते. वर पाहिले तर आमची अकरा वळणे बर्फावर स्पष्ट उमटलेली होती, थोडीशी मोडी अक्षरासारखी.

श्रावणात घरी परतल्यावर आम्ही काकूंच्या मागून पाखाडीवर निघालो. आयुष्यभर पाहिलेली त्यांची चाल आम्ही त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. भिंतीस हात नाही. गुडघे किंचित मुडपलेले, अंग पुढे, पाऊल लहान व पूर्ण टेकलेले. दृष्टी पायाकडे नव्हे, तर दोन पायऱ्या पुढे. शेवाळात पोलादी कड रुतत नाही, म्हणून येथे भार पावलाच्या थेट वर ठेवावा लागतो. बाकी भेद काही नाही.

"काय शिकवलं मग त्यांनी?" काकूंनी मागे न वळता विचारले.

"डोंगराला धरू नये म्हणून."

"बरं. मग ही परडी धर."

दोन्ही हात परडीत गुंतल्यावर भिंत धरण्याचा प्रश्नच उरला नाही. मधल्या वळणावर आमचा पाय एकदा सटकला, पण आम्ही बसलो नाही. तगरीची चार फुले सांडली, आणि काकू म्हणाल्या, ती आता देवास चालावयाची नाहीत.