पालखीची वाट

लहान गावच्या नगरपालिकेची सभा पाहावयास सहसा कोणी जात नाही. कीर्तनाला माणसे जमतात, नाटकाला तर गर्दी होते, न्यायालयातील खटला ऐकावयासही रिकामटेकडी मंडळी मिळते. परंतु ज्या दालनात आपल्या दारातल्या गटाराचा आणि दिव्याचा निकाल लागतो, तेथील प्रेक्षकांची बाके रिकामी असतात. आम्हीही तीस वर्षे घरपट्टी भरीत आलो आणि कधी तिकडे फिरकलो नव्हतो. गेल्या ज्येष्ठात प्रथमच जाऊन बसलो, आणि तेही स्वार्थाने. आमच्या देवस्थानचा एक अर्ज त्या दिवशी सभेपुढे यावयाचा होता आणि त्या अर्जावर चिटणीस या नात्याने सही आमची होती.

गावाचे नाव येथे मुद्दामच घालीत नाही. गोव्यात आज तेरा नगरपालिका आहेत, पणजीची महानगरपालिका वेगळी. त्या तेरांपैकी ही एक, एवढे पुरे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही आपली मोठी देवळे पंचायतींच्या हद्दीत आहेत आणि त्यांचा व्यवहार सरपंचांशी. आमचे देऊळ लहान, पण गाव त्याच्याभोवती वाढत गेला आणि देव नकळत नगरपालिकेचा रहिवासी झाला.

सभा साडेदहाची होती. अकराला पाच मिनिटे असताना गणसंख्या पुरी झाली. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात पाऊण तास गेला, कारण एका नगरसेविकाबाईंचे म्हणणे पडले की आपण विरोध केला होता, आणि कागदावर तर त्यांची संमती दिसत होती. याचे मूळ भाषेत आहे, असे आम्हांस तेथे बसल्या बसल्या वाटले. आमच्या पालिकेत चर्चा चालते ती कोकणीत, इतिवृत्त उतरते ते इंग्रजीत, आणि आमच्यासारख्यांचे अर्ज जातात ते मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापरासही मुभा ठेवली. पण बोललेला शब्द टंकलेखकापर्यंत पोचेतो त्याचा थोडा रंग उडतो, यावर कायदा काय करणार? बाईंनी शेवटी आपला विरोध कोकणीत सांगून तो जसाच्या तसा लिहून घेण्याचा आग्रह धरला. आम्हांस त्यांचे कौतुक वाटले.

पुढचे विषय भराभर गेले. नाल्यांतील गाळ उपसण्याच्या खर्चास मंजुरी मिळाली. हे काम चैत्रात व्हावयाचे, आणि बाहेर तर पावसाची पहिली सर येऊन गेली होती. मोकाट गुरांवर पुष्कळ बोलणे झाले, निर्णय झाला नाही. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा न देणाऱ्यांस नोटिसा काढावयाच्या ठरल्या. मग सोपोचा विषय निघाला आणि दालनात एकदम जिवंतपणा आला.

सोपो हा शब्द गोव्याबाहेरील वाचकांस ठाऊक नसेल. बाजारात, रस्त्याकडेला किंवा जत्रेत विक्रीस बसणाऱ्याकडून बसल्या जागेबद्दल जी रोजची पट्टी पालिका घेते, तिला आमच्याकडे सोपो म्हणतात. ती बहुधा लिलाव करून ठेकेदारास वसुलीला देतात. ठेकेदाराचा माणूस सकाळी पावतीपुस्तक घेऊन फिरतो. भाजीवाली, पोदेर, फुलकार, काकणकार, सर्वांपुढे तो उभा राहतो आणि चिटोरे फाडून देतो. रक्कम किरकोळ, पण म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला किरकोळाची बेरीज काय होते ते सांगावयास नको. लिलावाची हातची बोली किती ठेवावी यावर सभासद जेवढ्या पोटतिडकीने बोलले, तेवढे गाळावर बोलले असते तर बरे झाले असते.

आमचा अर्ज अगदी शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी यावयाच्या विषयांत होता. तिठ्यापासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जो रस्ता येतो, त्यावर नऊ फुलकार बायका बसत. पालखीच्या वेळी वाट अपुरी पडते, मागील जत्रेत एका भोयाचा पाय पाण्याच्या बालदीत अडकून पालखी कलली होती, आणि आग लागली तर बंब आत येऊ शकणार नाही. तरी रस्ता मोकळा करून मिळावा, अशी विनंती आम्ही केली होती. यांतील एकही वाक्य खोटे नव्हते. ‘समस्त महाजनांच्या वतीने’ असे खाली लिहिले होते. वास्तविक महाजनांची सभा आम्ही बोलावलेली नव्हती. समितीच्या पाच जणांनी चहा घेता घेता मसुदा वाचला होता. अर्ज वाचून झाला, एक नगरसेवक म्हणाले की देवाचे काम आहे, दुसऱ्यांनी मान हलविली, आणि ठराव संमत झाला. तीन मिनिटेही लागली नसतील. गटाराला तीन वर्षे लागतात आणि आम्हांस तीन मिनिटे लागली, या अभिमानात आम्ही घरी आलो व जेवताना ही हकीकत दोनदा सांगितली.

आठवड्याच्या आत पालिकेचा ट्रक आला. फळ्या, पत्र्याची पेटी, छत्र्या, बालद्या सारे उचलून नवीन बाजार-इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवले. तेथे प्रत्येकीला चुन्याने आखलेला एक चौकोन मिळाला. पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, पंखाही आहे. कागदावर पाहिले तर ती सुधारणाच होती. फक्त फुले घ्यावयास जिना चढून कोणी जात नाही. फुले ही वाटेवर घ्यावयाची वस्तू आहे. मंगेशीला गेलेल्या वाचकांस आठवत असेल, फुलकारांची रांग सुरू झाली की देऊळ जवळ आल्याचे मनाला कळते, आणि हात आपोआप पैशांकडे जातो.

पुढच्या सोमवारी आम्ही देवळात बसून होतो. रस्ता स्वच्छ, रुंद, पाहून समाधान व्हावे असा. लोक येत होते आणि रिकाम्या हातांनी नमस्कार करून जात होते. काही जणांनी दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीतला झेंडू आणला होता. संध्याकाळी भटजींनी सहज विचारले, “आज अबोली कुठे गेली?” बेळगावकडून येणारी शेवंती आणि झेंडू ट्रकने कोठेही पोचतात, परंतु अबोली या बायकांच्या परसातली. पहाटे खुडावयाची, बसून गुंफावयाची, दुपारपर्यंत विकावयाची. चैत्राच्या सुमारास सुरंगीचे वळेसर येतात तेही यांच्याच हातून. बसावयास जागा नाही म्हटल्यावर खुडणार कोण?

त्या नऊ जणींत एक सत्तरी उलटलेली बाई आहे. पालखीला अबोलीची फाती देण्याचा मान तिच्या घराण्याकडे आहे. आमच्या आजोबांच्या वेळच्या हिशेबवहीत तिच्या सासूच्या नावाने जत्रेचा नारळ आणि तांदूळ लिहिलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत. त्या सोमवारी विक्रीला फूल नव्हते, पण पालखीची फाती तिने चुकविली नाही. केळीच्या पानात गुंडाळून आणली, भटजींच्या हाती दिली, आणि परत जाताना आमच्यापुढे थांबून म्हणाली, “बाब, आमी खंय बसप?” स्वरात राग नव्हता. अर्ज आमचा हे तिला ठाऊक होते की नाही, ते आम्हांस आजही माहीत नाही. आम्ही “पाहू” म्हटले. पालिकेचे लोक जो शब्द वापरतात, तोच आमच्या तोंडून निघाला.

समितीत हा विषय काढला तेव्हा मते फुटली. मुखत्यार म्हणाले, इतक्या वर्षांनी रस्ता मोकळा झाला आहे, पुन्हा घाण कशाला? खजिनदारांना बालदीत पाय अडकलेला भोई आठवला. तो त्यांचा पुतण्या. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दोन तास वाद होऊन दुसरा अर्ज करावयाचे ठरले, तेही एका मताने.

तो अर्ज घेऊन आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी आमचा पहिला अर्ज काढला, दुसरा शेजारी ठेवला, आणि दोहोंवरील सही एकच असल्याची खात्री करून घेतली. मग समजावून सांगितले की १९६८ च्या नगरपालिका कायद्याप्रमाणे सभेने केलेला ठराव अधिकाऱ्याला टेबलावर बसून बदलता येत नाही. तो पुन्हा सभेपुढेच जावयास हवा. पोर्तुगिजांच्या कामराच्या अमदानीत असल्या गोष्टी वरून हुकूम येऊन होत. आता निवडून दिलेल्यांनी हात वर केल्याखेरीज होत नाहीत. हे योग्यच आहे, पण त्या दिवशी आम्हांस ते फार सोयीचे वाटले नाही.

वाट दाखविली ती बाहेरच्या खोलीतील एका जुन्या कारकुनाने. त्याने हळूच सांगितले की रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी २०१४ साली संसदेने एक कायदा केला आहे. त्याप्रमाणे प्रत्येक गावी विक्रेत्यांची पाहणी व्हावयाची, नगर विक्रेता समिती नेमावयाची, तिच्यात शेकडा चाळीस तरी सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावयाचे. आणि पाहणी पुरी होऊन दाखले दिले जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला उठवावयाचे नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या अशा बाजारांस तर वारशाचे बाजार मानून तेथील माणसे हलवू नयेत, असेही त्यात आहे. “पाहणी पुरी झाली आहे का?” आम्ही विचारले. कारकून नुसता हसला. “त्या बायका तेथे पूर्वीपासून बसतात याला पुरावा मात्र हवा,” तो म्हणाला.

पुरावा निघाला तो त्या वृद्ध बाईच्या घरातून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. सोपोच्या पावत्या. रोजचे चिटोरे, दोऱ्याने वर्षावार बांधलेले, काहींची शाई उडालेली, काहींना कसर लागलेली. वाचता तिला येत नाही. पण पालिकेला पैसे दिल्याचा कागद टाकू नये, हे सासूने सांगून ठेवले होते. ज्या पालिकेने तिला अतिक्रमण म्हणून उचलले, त्याच पालिकेच्या नावे तिने त्या जागेचे भाडे इतकी वर्षे भरल्याचे तो डबा सांगत होता. आम्ही रात्र बसून त्यांची यादी केली. इतके मन लावून आम्ही देवस्थानचा जमाखर्चही कधी लिहिला नसेल.

यापुढे दोन सभा वाया गेल्या. पहिलीत गणसंख्या झाली नाही. दुसरीच्या आधी नगराध्यक्षांवर अविश्वास आला. आमच्याकडे नगराध्यक्षाची निवड नगरसेवकांतूनच होत असल्यामुळे हा ऋतू अधूनमधून येतोच. तिसरी सभा अश्विनात झाली. इतिवृत्तावर वाद करणाऱ्या त्याच बाईंनी आमचा विषय मांडला आणि पावत्यांची यादी वाचली. दालन शांत झाले. तेव्हा एक तरुण नगरसेवक उठून आमच्या बाकाकडे वळून म्हणाले, “रस्ता अरुंद आहे हे कबूल. पण देवस्थानच्या अग्रशाळेपुढे एवढे मोठे अंगण आहे. तेथे या नऊ जणी सहज बसतील. तेथे का बसवीत नाही?”

प्रेक्षकांस सभेत बोलता येत नाही, हा नियम त्या क्षणी आम्हांस देवाच्या कृपेसारखा वाटला. त्या अंगणात आम्हां महाजनांच्या मोटारी उभ्या असतात. आमचीही असते, दीपस्तंभाच्या डावीकडे, सावलीत.

ठराव झाला तो असा: पाहणी होईपर्यंत रस्त्याच्या पूर्वेकडे पांढरी रेघ मारून तिच्या आत बायकांनी बसावे, पालखीच्या दिवशी तिन्हीसांजेला एक तास सामान मागे घ्यावे, सोपो पूर्वीप्रमाणे द्यावा. विरोधी मते दोन पडली.

नवापैकी सात जणी परत आल्या. एक आता कोणाकडे स्वयंपाकाला जाते, दुसरीचा ठिकाणा आम्हांस लागला नाही. वृद्ध बाई आपल्या जुन्या जागेपासून चार हात अलीकडे बसते. तिथे दुपारी ऊन येते, म्हणून तिने छत्री बदलली आहे. अंगणाचा प्रश्न आम्ही समितीत दोनदा काढला, दोनदा पुढे ढकलला गेला. आम्ही आपली मोटार मात्र आता तिठ्यावर ठेवून चालत येतो. खजिनदार यावरून आमची थट्टा करतात.

पावसाने ती पांढरी रेघ पुसट झाली आहे. ती पुन्हा मारण्याच्या खर्चाचा विषय येत्या साधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर चौदाव्या क्रमांकावर आहे. सभा साडेदहाची आहे. आम्ही अकराला पाच मिनिटे असताना जाणार आहोत.