दमसास

मोटारींच्या शर्यतींविषयी मला कधीच आस्था वाटली नाही. जेथून निघायचे तेथेच परत यायचे आणि त्यासाठी एवढा गोंगाट करायचा, हा उद्योग मला नेहमी पोरकट वाटत आला. वस्तुतः तीस वर्षे त्याच वर्गात तीच व्याख्याने देणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या वाटोळे फिरण्याला हसू नये. पण स्वतःचे वर्तुळ कोणाला दिसते?

गेल्या दिवाळीत मी कृष्णाकाठी आमच्या गावी दादाकडे गेलो होतो. रात्रीची जेवणे आटोपून आम्ही सोप्यात बसलो होतो. दादा सुपारी कातरीत होता, आणि पुण्यास यंत्रविद्या शिकणारा त्याचा मुलगा आपल्या संगणकावर शर्यतीचे एक जुने चित्रण पाहत होता. ती फ्रान्समधील ल माँ येथील शर्यत होती. १९२३ सालापासून चालत आलेली ही शर्यत पुरते चोवीस तास चालते. वाट साडेतेरा किलोमीटरांहून थोडी अधिक. एका गाडीला तीन चालक. आणि या वेळात जी गाडी सर्वांत जास्त अंतर तोडील ती विजयी. हे चित्रण २००६ सालच्या जून महिन्यातले होते. चंदेरी रंगाची एक बसकी गाडी समोरून सुळकन निघून गेली. दादाने अडकित्ता थांबवून विचारले, "हिला आवाज कसा नाही रे?"

"आबा, डिझेलवर चालते ती," पुतण्या म्हणाला.

"डिझेलवर? मग धूर कुठाय?"

पुतण्या हसला, पण मला हसू आले नाही. डिझेल या विषयावर बोलण्याचा अधिकार आमच्या घरात कोणाचा असेल तर तो दादाचा, हे मला ठाऊक होते.

आमच्या विहिरीवर एक ऑईल इंजिन होते. मी नववीत असताना वडील वारले. दादा तेव्हा सांगलीस कॉलेजच्या पहिल्या वर्षात होता. तेराव्यासाठी म्हणून तो घरी आला तो परत गेलाच नाही. त्याची पुस्तके ट्रंकेत गेली आणि हातात इंजिनाचे हँडल आले. पुढे मी कॉलेजात गेलो, इंग्रजी घेऊन पदवीधर झालो, प्राध्यापक झालो. माझी फी, खाणावळीचे पैसे, पहिला शिवलेला कोट, सारे त्या इंजिनाने उपसलेल्या पाण्यावर वाढलेल्या उसातून आले. सुट्टीत घरी आलो की रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या विहिरीवरचा ठक्‌-ठक् आवाज कानी येई. मला तो अंगाईसारखा वाटे. दादाला मात्र तो झोपेतही निराळा ऐकू येत असावा. पंपाचे पाणी तुटले की इंजिनावरचा भार जातो आणि त्याचा ठेका किंचित बदलतो. तेवढ्याने तो ताडकन उठून कंदील घेऊन चालू लागे. मी कूस बदलून पुन्हा झोपी जात असे.

त्या रात्री पुतण्याने मला डिझेल इंजिनाचे मर्म समजावून सांगितले. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत येते व विजेची ठिणगी त्याला पेटविते. डिझेलला ठिणगी लागत नाही. ते आधी नुसती हवा आत ओढते आणि तिला इतकी दाबते की त्या दाबानेच ती विलक्षण तापते. मग तीत इंधनाचा फवारा सुटला की ते आपोआप पेट घेते. हा दाब सोसायचा म्हणून इंजिनाचे अंग जाड आणि भारी करावे लागते. आणि भारी म्हणून मंद, मंद म्हणून शर्यतीला निरुपयोगी, असा त्याचा लौकिक झाला.

मी ऐकत होतो आणि मनातून थोडा ओशाळत होतो. प्रतिभेच्या ठिणगीवर मी आजवर किती व्याख्याने दिली असतील! ठिणगीवाचून, केवळ आतल्या आत सोशीत राहिलेल्या दाबाने पेटणारे काही असू शकते, हे माझ्या कोणत्याच टिपणात नव्हते.

मौज अशी की हे जड यंत्र शर्यतीच्या वाटेला पूर्वीही गेले होते. १९३१ साली अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्सची एक डिझेलगाडी उतरली. बाकीच्या गाड्या सुसाट धावत, इंधनासाठी थांबत, पुन्हा धावत. ही बिचारी आपल्या चालीने चालत राहिली आणि एकदाही न थांबता तिने पाचशे मैल पुरे केले. क्रमांक आला तेरावा. १९५२ साली त्याच कारखान्याची दुसरी गाडी तेथे आली. पात्रतेच्या फेऱ्यांत तिने पहिली जागा पटकावली. परंतु प्रत्यक्ष शर्यतीत रस्त्यावरचा कचरा तिच्या हवेच्या तोंडात साचला आणि एकाहत्तर फेऱ्यांनंतर तिला बाहेर पडावे लागले. दादाला ही हकीकत फार पटली. "श्वास कोंडला की संपलं," तो म्हणाला.

ल माँलाही १९४९ साली एक डिझेलगाडी आली होती. तिला शर्यत पुरी करता आली नाही. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, आणि मग जर्मनीच्या ऑडी कारखान्याने आर-१० नावाची ती चंदेरी गाडी आणली. साडेपाच लिटरचे, बारा सिलिंडरांचे इंजिन. जडपणा कमी व्हावा म्हणून त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा. शक्ती साडेसहाशे अश्वांहून अधिक. पण तिचे खरे बळ आकड्यात नव्हते. पेट्रोलची इंजिने किंचाळून जे करीत ते ही पुष्कळ कमी फेऱ्यांत, खालच्या पट्टीत करी. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता अधिक, आणि तिचा विनियोगही काटकसरीचा. त्यामुळे इंधनासाठी थांबणे कमी. चोवीस तासांच्या हिशेबात असा वाचलेला एकेक मिनिट मोलाचा. फ्रांक बीला, एमान्युएले पिर्रो आणि मार्को वेर्नर या तिघांनी ३८० फेऱ्या मारून ती शर्यत जिंकली. ल माँ जिंकणारी ती पहिली डिझेलगाडी. पुढे नियम करणाऱ्यांनी डिझेलगाड्यांची टाकी पेट्रोलगाड्यांपेक्षा लहान ठरविली. एखाद्या मल्लापुढे इतरांचा निभाव लागेना म्हणून त्याचा खुराक तोडावा तसे.

पुढची गोष्ट पुतण्याने रंगवून सांगितली. २००६ पासून २०१४ पर्यंत सलग नऊ वर्षे ल माँ डिझेलनेच जिंकली. त्यांतले २००९ चे वर्ष फ्रान्सच्या प्यूजोचे, बाकीची ऑडीची. २०१० ची शर्यत मला विशेष आवडली. प्यूजोच्या गाड्या अधिक वेगवान होत्या. आरंभीच्या चारही जागा त्यांनी घेतल्या होत्या. पण त्या चारांतली एकही शेवटपर्यंत पोहोचली नाही. तिघींची इंजिनेच फुटली. मागून संथपणे येणाऱ्या तीन ऑडी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, आणि पहिलीने ५४१० किलोमीटरांचे अंतर तोडून नवा विक्रम केला. ही ससा-कासवाची गोष्ट आहे असे मी म्हणणार होतो; पण चोवीस तास ताशी सव्वादोनशे किलोमीटरांच्या सरासरीने पळणाऱ्या कासवाला कासव म्हणणे धाडसाचेच आहे.

येथवर सारे माझ्या मनासारखे चालले होते. ठिणगीचा डौल नसलेला, कमी बोलणारा, न थकणारा असा एक नायक मला गवसला होता, आणि त्याचा चेहरा कोणाचा हे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकले होते. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "पण काका, शेवट चांगला नाही."

२०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत एक लबाडी उघडकीस आली. ऑडी ज्या उद्योगसमूहातली, त्या फोक्सवॅगनने रस्त्यावरच्या आपल्या डिझेल मोटारींत अशी योजना केली होती की परीक्षा चालू आहे हे गाडीला कळावे आणि तेवढ्यापुरता तिने विषारी वायू कमी सोडावा. एरवी रस्त्यावर मात्र मर्यादेच्या कितीतरी पट. अशा गाड्या जगभर सुमारे १ कोटी १० लाख निघाल्या. पुढल्याच वर्षाच्या अखेरीस ऑडीने ल माँचे मैदान सोडले, आणि तेथल्या अग्रमालिकेतून डिझेल नाहीसे झाले.

मला एकदम फसविले गेल्यासारखे वाटले. संथपणा म्हणजे सचोटी, हे समीकरण मी किती सहज मांडले होते! आणि मग वाटले, ज्याला आपण 'सोशीक' म्हणून गौरवितो त्याच्या पोटात काय साठत असेल हे तपासण्याची तसदी तरी आपण कोठे घेतो? तो निमूटपणे चालतो आहे हेच आपल्या सोयीचे असते. पुतण्या म्हणाला की त्या गाडीला आवाज नव्हता, धूरही दिसत नव्हता. दादाच्या तोंडून तरी मी कधी तक्रारीचा शब्द ऐकला होता? आणि तो ऐकला नाही म्हणून ती नव्हतीच, असे मी चाळीस वर्षे धरून चाललो होतो.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्या इंजनाला खोटं बोलता येत नव्हतं. काय बिघडलं ते लगेच बोलायचं."

मी धीर केला. "दादा, कॉलेज सोडलंस तेव्हा वाईट वाटलं होतं का रे?"

अडकित्ता पुन्हा थांबला. "वर्षभर तिकडचा रस्ता धरला नाही. सांगलीला जायचं काम निघालं की गड्याला पाठवायचो," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "आज विचारतोयस होय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

विहिरीवर आता विजेची मोटार आहे. जुने इंजिन शेडात फाटक्या ताडपत्रीखाली पडून आहे. मोडीत घालावे असे पुतण्या दरवर्षी म्हणतो आणि दादा दरवर्षी ऐकले न ऐकलेसे करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला तेथे घेऊन गेला. त्याने टाकीत डिझेल ओतले, तेल पाहिले, चाकावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि हँडल माझ्या हाती दिले. "मी कळ धरतो. तू फिरव. चाक चांगलं पळायला लागलं की मी सोडतो."

मी फिरवू लागलो. पाच-सहा वेढ्यांतच छाती भरून आली, हात थरथरू लागले. चाक काही वेग धरीना. दादाने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या हातातून हँडल काढून घेतले. साठी ओलांडलेला माणूस. पण खांद्यातून ताकद कशी आणायची हे त्याला अजून आठवत होते.

"तुला दम लागला," तो म्हणाला. "आता कळ तू धर."

मी कळ धरली. चाक घुमू लागले, आणि त्याने मान हलविताच मी ती सोडली.