सदतीसात एक

कसाऱ्याला गाडी थांबली की मुंबईकर प्रवाशाला दोनच गोष्टी आठवतात. एक बटाटेवडा आणि दुसरा घाट. वडेवाल्याभोवती गर्दी होते, मुले खिडकीच्या जागेसाठी भांडू लागतात आणि आया त्यांना बोगद्यात हात बाहेर काढू नका म्हणून बजावू लागतात. याच वेळी गाडीच्या शेपटाकडे एक महत्त्वाची घटना घडत असते. तिकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. मागून एंजिने येऊन लागतात. बारीकसा धक्का बसतो, कुणाच्या हातातला चहा हिंदकळतो, कुणी तरी "काय झाले हो?" म्हणून विचारते, आणि उत्तराची वाट न पाहता वड्याकडे वळते. गाडी चढू लागते.

मागून ढकलणाऱ्या या एंजिनांना रेल्वेची माणसे 'बँकर' म्हणतात. इगतपुरी आली की ती सुटतात. गाडी नाशकाकडे पळते आणि बँकर पुढच्या गाडीसाठी घाट उतरून परत कसाऱ्याला जातात.

माझे आतेभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांची नोकरीची कितीतरी वर्षे या बँकरवर गेली. "दादा, एवढी वर्षे एंजिन चालवलेत, हिंडलात किती?" असे आम्ही थट्टेने विचारीत असू. "कसारा ते इगतपुरी," दादा तितक्याच शांतपणे सांगत.

गेल्या काही वर्षांत माझे इगतपुरीला जाणे कमी झाले होते. २०२५ च्या मे महिन्यात मात्र निमंत्रण आले, आणि तेही हवा खाण्याचे नव्हे. ५ मे रोजी बारावीचा निकाल लागला होता आणि दादांचा नातू गणितात नापास झाला होता. त्याचे वडील नाशकाला नोकरीवर. मी मुंबईतला निवृत्त गणित-शिक्षक. तेव्हा पुरवणी परीक्षेपर्यंत पोराला तयार करण्याची कामगिरी मजवर पडली. सौ. म्हणाली, "जा, घरात बसून माझ्या हिशेबात चुका काढण्यापेक्षा ते बरे." मी तपोवन एक्स्प्रेस धरली.

इगतपुरी हे गाव पाहिले तर रेल्वेचे आणि पाहिले तर पावसाचे. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर ते बसले आहे. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस ते निमूटपणे अंगावर घेते. १८६५ साली जी. आय. पी. रेल्वेचा थळ घाट खुला झाला आणि इथे एंजिनांची वस्ती झाली. ज्या जेम्स बर्कले साहेबाने हा घाट आखला, त्याला तो पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. १८६२ सालीच तो वारला. १९३० च्या सुमारास वाफ गेली आणि वीज आली. अलीकडे, १९७६ पासून, टेकडीपाशी धम्मगिरी उभी आहे. दहा दिवस मौन पाळण्यासाठी तिथे देशोदेशीचे लोक येतात. एका बाजूला मौन आणि दुसऱ्या बाजूला रात्रंदिवस एंजिनांच्या शिट्ट्या, असे हे गाव आहे. घाटनदेवीच्या देवळाशी उभे राहिले की खाली दरी उघडते, आणि संध्याकाळी तिच्यातून धुके वर येते, दूध उतू जावे तसे.

अशा गावात आलो आणि पहिल्याच दिवशी कळले की आमच्या विद्यार्थ्याचे लक्ष दरीतही नाही आणि गणितातही नाही. ते इटलीत आहे.

मुलगा इटालियन फुटबॉलच्या नादी लागला होता. आमच्या पिढीला फुटबॉल म्हणजे कूपरेजवरचा रोव्हर्स कप. हरला तो घरी गेला, असा रोकडा व्यवहार. फार तर १९९० चा विश्वचषक दूरदर्शनवर पाहिलेला. त्यात नेपल्सच्या मैदानावर मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने यजमान इटलीलाच उपांत्य सामन्यात हरवले, ती रात्र मला आठवते. त्यानंतर इटलीशी माझा संबंध आला तो २०१४ साली. त्या वर्षी पुण्याचा नवा संघ निघाला, त्यात इटलीतल्या फिओरेंतिना क्लबाची भागीदारी होती. प्रशिक्षक फ्रांको कोलोंबा इटालियन, आणि युव्हेंटसकडून नाव कमावलेला त्रेझेगे बालेवाडीच्या मैदानावर खेळायला आला होता. मेहुण्यांनी आग्रहाने नेले म्हणून मी एक सामना पाहिला. २०१९ साली तो क्लब बंद झाला आणि आमचा इटालियन संबंध संपला, असे मी समजत होतो.

"आजोबा, कप वेगळा आणि लीग वेगळी," मुलाने मला शिकवले. मी त्याला शिकवायला आलो होतो, हे त्याच्या गावीही नव्हते. वीस संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या गावी, एकदा त्याच्या. म्हणजे अडतीस सामने. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. अंतिम सामना असा नसतोच. ऑगस्टपासून मेपर्यंत गुण साठवीत जायचे, आणि शेवटी ज्याची पुंजी मोठी तो विजेता. "आणि शेवटचे तीन?" मी विचारले. "खालच्या वर्गात," तो म्हणाला आणि गप्प झाला. मीही गप्प झालो.

त्याचा संघ नापोली, म्हणजे नेपल्सचा. इटलीत मिलान आणि तुरीन ही उत्तरेची श्रीमंत शहरे. बहुतेक विजेतेपदे तीच वाटून घेतात. नेपल्स दक्षिणेचे, बंदराचे, दाटीवाटीचे गाव. १९८४ साली मॅराडोना तिथे गेला आणि १९८७ व १९९० अशी दोन विजेतेपदे त्याने मिळवून दिली. मग उतरण लागली. २००४ साली क्लबाचे दिवाळे निघाले, थेट तिसऱ्या वर्गात जावे लागले. २०२३ साली, तेहेतीस वर्षांनी, पुन्हा विजेतेपद आले. आणि पुढच्याच वर्षी हे विजेते दहावे आले! एका हंगामात तीन प्रशिक्षक झाले. नवीन प्रशिक्षक आंतोनियो कोंते आले, तर ऑगस्ट २०२४ मधला पहिला सामना वेरोनाकडून तीन-शून्य हरले. जानेवारीत त्यांचा सर्वांत चपळ गडी पॅरिसला निघून गेला. त्याचे नाव मला आजही उच्चारता येत नाही.

हे सगळे मुलाने एका दोनशेपानी वहीत लिहिले होते. मी ती वही उघडली आणि थक्क झालो. प्रत्येक आठवड्याचे गुण, बेरजा, वजाबाक्या, शिवाय आलेखाच्या कागदावर दोन रेघा, एक नापोलीची आणि एक इंटर मिलानची. एकही चूक नाही. गणितात नापास झालेल्या मुलाची ही वही!

पण वडिलांचा हुकूम कडक होता. या रात्रीच्या सामन्यांनीच घात केला होता. तिथले पावणेनऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात सव्वाबारा आणि हिवाळ्यात सव्वा वाजता. तेव्हा रोज रात्री दहा वाजता मोबाईल माझ्या बॅगेत जाई आणि सकाळी परत मिळे. मुलगा मुकाट्याने देई. त्याने एकदा जरी हट्ट केला असता तरी मला इतके अवघड वाटले नसते.

आलो तेव्हा नापोलीची आघाडी तीन गुणांची होती. १२ मेच्या सकाळी त्याने वहीत लिहिले : जेनोआशी बरोबरी, आघाडी एक. १९ मेच्या सकाळी चहा थंड होईपर्यंत तो मोबाईलवर वाचीत राहिला. पार्माला नापोलीची शून्य-शून्य बरोबरी झाली होती, आणि इंटर शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे होते. तसेच राहते तर आघाडी त्यांची होती. इतक्यात लाझिओच्या पेद्रोने पेनल्टीवर गोल केला आणि तिथेही बरोबरी झाली. नापोली ७९, इंटर ७८.

"सदतीस सामने झाले," तो म्हणाला, "आणि मिळाला किती, तर एक गुण."

दादा ओटीवर पेपर वाचीत होते. त्यांनी चष्मा वर केला. "काय म्हणालास? सदतीसात एक? अरे, हा तर आमचा घाट!"

मग दादांनी जे सांगितले ते मी इतकी वर्षे त्या वाटेने जाऊनही कधी विचारले नव्हते. कसारा-इगतपुरीचा चढ सदतीसात एक आहे. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. ऐकायला काहीच नाही, पोरगेसुद्धा पळत चढेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते. चढ फार वाढवला तर चाक जागच्या जागी फिरू लागते. पुढच्या एंजिनाने एकट्याने ओढायचे म्हटले तर सगळा ताण डब्यांच्या जोडांवर येतो. म्हणून मागून हात लावायचा. "पुढच्याने ओढायचे आणि मागच्याने ढकलायचे. आम्हाला पुढचे काही दिसत नाही. शिट्टीची खूण ऐकायची आणि जोर द्यायचा. नऊ मैल. घाई केली तर नुकसान आणि सोडून दिले तर त्याहून नुकसान."

मी खडू उचलला. फळीवर एक त्रिकोण काढला. पाया सदतीस, उंची एक. "हा जो ढाळ दादांनी सांगितला ना, तेच तुझे डेरिव्हेटिव्ह. प्रत्येक क्षणाला रेघ किती चढते आहे, एवढेच ते सांगते. तुझ्या वहीतल्या आलेखात तू गेले नऊ महिने तेच काढतो आहेस." मुलगा त्रिकोणाकडे पाहत राहिला. मग त्याने आपली वही ओढली. त्या दिवशी आम्ही जेवायला उशिरा उठलो.

शुक्रवार, २३ मे. अवकाळी पावसाने आठवडाभर ठाण मांडले होते. रात्री दहा वाजता मुलाने नेहमीप्रमाणे मोबाईल आणून दिला आणि काही न बोलता अंथरुणावर पडला. साडेअकराला माझ्या दारावर टकटक झाली. दारात दादा.

"तो पोरगा जागा आहे," ते म्हणाले. "घाटमाथा आला असताना एंजिन सोडायचे नसते. दे तो मोबाईल. त्याच्या बापाला मी सांगेन."

चाळीस वर्षांच्या शिक्षकीत मी शिस्त मोडली ती ही अशी.

स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्याला मोबाईल टेकवून, आम्ही तिघे बसलो. एकाच वेळी दोन सामने, नापोलीचा घरी काल्यारीशी आणि इंटरचा कोमोला. दोन्ही प्रशिक्षकांना आदल्या सामन्यात पंचांनी बाहेर काढले होते, म्हणून कोंते मैदानाच्या कडेला नव्हते, वर प्रेक्षकांत बसले होते. "हा ड्रायव्हर वर का बसलाय?" दादांनी विचारले. "आबा, आज तो बँकर आहे," मुलगा म्हणाला.

इंटरने पहिला गोल केला. आता इंटर ८१ आणि नापोली ८०. मुलाने तोंडावर हात घेतला. दादांना नियम काही कळत नव्हते, पण आकडा कळला. त्यांनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. बेचाळिसाव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आला आणि मॅकटॉमिने नावाचा उंच स्कॉटिश गडी हवेत आडवा झाला. गोल! उत्तरार्धात लुकाकू एकटाच चेंडू घेऊन निघाला, आणि दुसरा गोल. इंटरनेही आपला सामना दोन-शून्य जिंकला, पण उपयोग नव्हता. नापोली ८२, इंटर ८१. पडद्यावर नेपल्सचे लोक रडत होते. आमच्याकडे एका माणसाने नुसते नाक पुसले. ते कोण, ते मी सांगत नाही.

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. घाटातून एक गाडी वर येत होती. दादांनी कान दिला. "मालगाडी," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

त्याच दिवशी, २४ मेला, पाऊस केरळात पोचला आणि २६ तारखेला मुंबईत. इतक्या लवकर तो क्वचितच येतो. मी मात्र इगतपुरीतच राहिलो, परीक्षेपर्यंत. पुढचे सांगायला नको. पोरगा गणितात सुटला. गुण फार नाहीत. पण प्रत्येक सामना थोडाच तीन-शून्य जिंकायचा असतो!

२०२३ साली सुरू झालेली शिर्डीची 'वंदे भारत' बँकरशिवाय घाट चढते. दादांना हे मी एकदा डिवचण्यासाठी म्हटले. "चढू दे की," ते म्हणाले. "पण सगळ्याच गाड्या काही वंदे भारत नसतात."

दसऱ्याला मी पुन्हा त्या वाटेने गेलो. कसाऱ्याला गाडी थांबली. वडे आले. मागून बारीकसा धक्का बसला आणि समोरच्या बाईंच्या हातातला चहा हिंदकळला.

"काय झाले हो?" त्यांनी विचारले.

"काही नाही," मी म्हटले. "मागून कुणी तरी हात लावला."