वजन उतरते, साखर चढते

मधुमेहाचे निदान झालेल्या मनुष्यास त्याचे डॉक्टर, त्याचे शेजारी आणि त्याच्या घरची माणसे जो पहिला उपदेश एकमुखाने करतात तो वजन उतरविण्याचा असतो. आणि हा उपदेश बहुतेकांच्या बाबतीत योग्यच असल्यामुळे, पुढे दोन-चार महिन्यांनी त्या मनुष्याचे वजन खरोखरीच उतरू लागले म्हणजे ते कोणत्या कारणाने उतरत आहे, आणि ते उतरत असताना रक्तातील साखरेचे काय चालले आहे, याची चौकशी करण्याची गरज कोणासच भासत नाही. सदरा खांद्यावरून ओघळू लागतो, कमरपट्ट्याला नवे भोक पाडून घ्यावे लागते, बोटातली अंगठी दोरा गुंडाळून बसवावी लागते, आणि तरीही चाळीच्या गॅलरीत भेटणारा प्रत्येक जण कौतुकानेच म्हणतो, ‘वा, चांगले उतरलात की!’ मुंबईत काळाचौकीला वैद्यकी करीत असता हे अभिनंदन रुग्णांच्या तोंडून मी इतके ऐकले आहे की, एखादा गृहस्थ ते अभिमानाने सांगू लागला म्हणजे मी त्याचे बोलणे संपण्यापूर्वीच वजनाच्या काट्याकडे बोट दाखवितो.

वैद्यकातील बहुतेक नियमांना अपवाद असतात. तथापि ज्याचे निदान नुकतेच झाले आहे अशा मधुमेह्यास मी एक नियम निःशंकपणे सांगतो, आणि तो असा की, वजन उतरत असेल तर साखरही उतरली पाहिजे. आहार आवरला, चालणे वाढविले, औषध लागू पडले, म्हणजे बहुधा दोन्ही उतरतात. पथ्य सुटले म्हणजे पुष्कळदा दोन्ही चढतात. परंतु वजन उतरत आहे आणि साखर मात्र चढत आहे, अशी जेथे या दोहोंची फारकत झालेली दिसते तेथे पथ्याच्या यशाची भाषा बोलू नये. तेथे शरीरात काही तरी बिनसले आहे, आणि ते काय, याचा तपास त्याच आठवड्यात सुरू झाला पाहिजे.

ही फारकत कशी घडते हे समजून घेणे कठीण नाही. अन्नातून आलेली साखर रक्तात उतरते, परंतु रक्तातून स्नायूंत आणि मेदात तिचा शिरकाव व्हावयाचा तर इन्शुलिनाचा परवाना लागतो. तो अपुरा पडला की साखर रक्तातच साचत जाते, आणि दर शंभर मिलिलिटर रक्तात तिचे प्रमाण सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की मूत्रपिंडांना ती अडवून धरवत नाही. ती लघवीवाटे जाऊ लागते, जाताना पाणी ओढून नेते, आणि म्हणून रात्री चार-चार वेळा उठावे लागते व उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपूर्वीच रिकामा होतो. दिवसाकाठी शंभर ग्रॅम साखर अशी गेली तर चारशे उष्मांक गेले. म्हणजे साधारण चार चपात्या खाऊन त्यांतली एकही अंगी लागली नाही. इकडे पेशी उपाशी राहिल्यामुळे यकृत आपल्या समजुतीप्रमाणे मदतीस धावते, आणि स्नायू मोडून त्यांतील प्रथिनांपासून आणखी साखर तयार करते. ‘डॉक्टर, काल रात्रीपासून पोटात कण नाही, तरी तीनशे?’ असे रुग्ण चिडून विचारतो. त्याला सांगावे लागते की, काका, ही साखर ताटातली नव्हे, तुमच्याच मांडीतली आहे.

माझ्या विद्यार्थिदशेत हा प्रकार डोळ्यांना प्रत्यक्ष दिसत असे. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाचे पाच मिलिलिटर परीक्षानळीत घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकावयाचे, आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळावयाची. साखर नसेल तर निळा रंग तसाच राही, थोडी असेल तर हिरवा येई, मग पिवळा, मग नारिंगी, आणि ज्याचे अंग झरझर उतरत चालले आहे त्याच्या नळीत विटेसारखा तांबडा गाळ बसे. आजचे यंत्र बोटाच्या टोकावरील थेंबातून काही क्षणांत आकडा देते, ही सोय निर्विवाद मोठी आहे. परंतु तो तांबडा गाळ पाहिलेला रुग्ण पुन्हा औषध चुकवीत नसे, हेही मला नमूद केलेच पाहिजे.

देह वितळून लघवीवाटे जातो, हे निरीक्षण फार जुने आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य आरेटियस याने मधुमेहाचे वर्णन करताना मांस आणि अवयव विरघळून मूत्ररूपाने बाहेर पडतात असेच म्हटले आहे. आपल्याकडे सुश्रुताने प्रमेहाचे जन्मजात व अपथ्यजन्य असे दोन भेद करून पहिल्यातील रुग्ण कृश, रूक्ष व तृषार्त असतो आणि दुसऱ्यातील स्थूल व बहुभक्षी असतो, असा भेद दाखविला. आणि चरकाने त्याही पुढे जाऊन, स्थूल व बलवान प्रमेह्याचे शोधन करावे, पण कृश व दुर्बल प्रमेह्याचे पोषणच करावे, असा स्पष्ट दंडक घालून दिला. इन्शुलिनाचा गंधही नसलेल्या काळी केलेला हा विवेक आज पथ्याचा छापील कागद सर्वांना सरसकट वाटणाऱ्यांना सुचू नये, याचे मला नवल वाटते.

इन्शुलिनापूर्वीच्या काळात पाश्चात्त्य वैद्य मात्र अशा रोग्यांना उपाशी ठेवूनच जगवीत. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात ज्याला इन्शुलिनाचे पहिले इंजेक्शन दिले गेले तो लेनर्ड टॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा तेव्हा अवघा पासष्ट पौंड, म्हणजे जेमतेम तीस किलो, वजनाचा उरला होता. पहिला अर्क अशुद्ध होता. त्याच महिन्याच्या २३ तारखेस शुद्ध केलेला अर्क टोचल्यावर त्याची साखर उतरली आणि प्रकृती सुधारू लागली. इन्शुलिन मिळताच साखर उतरते आणि वजन चढते, हा अशा कृश रोग्याच्या बाबतीत औषध लागू पडल्याचा दाखलाच समजावा.

आता तपास कोठून सुरू करावयाचा? योगायोग असा की, या प्रश्नाची तीन मोठी उत्तरे काळाचौकीच्या आसमंतातच उभी आहेत. पश्चिमेस परळला १९२६ सालापासून चालू असलेले के. ई. एम., तेथून जवळच २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय, आणि कॉटन ग्रीनच्या पलीकडे शिवडीचे महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय. आमच्या वस्तीतील वाळत चाललेल्या मधुमेह्याचा मुक्काम यांपैकी कोठे पडणार, हे ठरविणे हेच माझ्यासारख्याचे खरे काम होय.

पहिले आणि सर्वांत साधे उत्तर के. ई. एम.चे, म्हणजे इन्शुलिनाच्या तुटवड्याचे. मध्यमवयात मधुमेह जडला म्हणजे तो गोळ्यांवर भागणाऱ्या दुसऱ्या प्रकारचा, असे गृहीत धरले जाते. परंतु शरीर स्वतःच्याच इन्शुलिनपेशींविरुद्ध उठल्यामुळे होणारा पहिला प्रकार हा केवळ बालकांचा रोग नव्हे. ब्रिटनमधील सुप्रसिद्ध दीर्घ पाहणीत, दुसऱ्या प्रकारचे म्हणून दाखल केलेल्या रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात या अंतर्गत युद्धाची प्रतिद्रव्ये सापडली. असा मनुष्य सहा महिने, वर्षभर गोळ्यांवर तग धरतो आणि मग त्याची साखर चढत व अंग उतरत जाते. घरची माणसे त्याच्यावर चोरून गोड खाल्ल्याचा आळ घेतात, आणि तो बिचारा शपथा वाहत राहतो. गॅड प्रतिद्रव्ये आणि सी-पेप्टाइड या दोन रक्तचाचण्यांनी हा वाद बहुधा मिटतो.

तुटवडा कधी कधी शरीरात नसून सुईत असतो. एका गिरणीच्या साचेखात्यातून निवृत्त झालेले एक काका रोज वीस युनिटे नेमाने टोचून घेत असूनही चिपाडासारखे झाले होते, तेव्हा मी त्यांना सगळा सरंजाम पिशवीत घालून आणण्यास सांगितले. बाटली होती मिलिलिटरला चाळीस युनिटांची आणि सुई निघाली शंभर युनिटांच्या मापाची, नारिंगी टोपणाची. चाळिसाच्या बाटलीसाठी तांबड्या टोपणाची सुई लागते. नारिंगी टोपणाच्या सुईत विसाच्या रेषेपर्यंत औषध ओढले तर ते भरते ०.२ मिलिलिटर, म्हणजे अवघी आठ युनिटे. दुकानात तांबडी नव्हती म्हणून मिळेल ती आणली, इतकीच ती हकीकत. तांबडी सुई आल्यावर दोन महिन्यांत काकांच्या गालांचे खड्डे भरले. इन्शुलिन गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर ठेवणारे, आणि पोटावर एकाच जागी वर्षानुवर्षे टोचून तेथे गाठी करून घेणारे, हेही याच सदरात येतात. ज्यांच्या घरी शीतपेटी नाही त्यांनी बाटली डब्यात घालून तो डबा गार पाण्याच्या मडक्यात ठेवला तरी चालते.

दुसरे उत्तर शिवडीचे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे निजत आली त्या गिरणगावाला क्षय नवा नाही, आणि मधुमेह्यास क्षय जडण्याचा संभव इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. क्षयाने अंग उतरते, आणि कोणत्याही जुनाट संसर्गाप्रमाणे तो साखरही चढवितो; म्हणजे आमची ती फारकत येथे पूर्णपणे दिसते. मधुमेह्याच्या फुप्फुसात क्षय पुष्कळदा नेहमीची वरची जागा सोडून खालच्या भागी बसतो, त्यामुळे क्ष-किरणचित्रही फसवे असू शकते. क्षयरुग्णाची साखर तपासावी असा शासकीय दंडक आता झालेला आहे. परंतु वाळणाऱ्या मधुमेह्याची थुंकी तपासावी, हे अद्याप अनेकांच्या अंगवळणी पडलेले नाही. शिवाय क्षयावरील रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते, म्हणून उपचार सुरू होताच साखर आणखी चढली तर घाबरून क्षयाचे औषध सोडू नये. अशा वेळी काही काळ इन्शुलिन घ्यावे हे उत्तम.

तिसरे उत्तर टाटाचे, आणि ते सांगताना जीभ जड होते. पन्नाशी उलटल्यावर ज्यांना प्रथमच मधुमेह होतो त्यांच्यापैकी शंभरात साधारण एकास तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे उघडकीस येते, असे अमेरिकेतील रॉचेस्टर येथील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. नव्याण्णवांना ते नसते, हे मी मुद्दाम अधोरेखित करतो. परंतु घराण्यात मधुमेह नाही, मनुष्य मुळात सडसडीत, अन्नावरची वासना उडालेली, पाठीत खोल कळ, आणि औषध वाढवूनही साखर हटत नाही, असे एकत्र आले म्हणजे साखरेला गुन्हेगार ठरवून तिच्यामागे लागण्यात मोलाचे महिने जातात. येथे ती साक्षीदार असते. कावीळ होण्याची वाट न पाहता पोटाचे सी. टी. स्कॅन करून घ्यावे. त्याच स्कॅनमध्ये दारूने जाळलेले, खडे धरलेले स्वादुपिंडही कित्येकदा सापडते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ज्यांचे हात रिकामे झाले त्यांच्यापैकी काहींनी पुढे काय जवळ केले, हे या वस्तीस सांगावयास नको.

उरलेली कारणे थोडक्यात आटोपतो. हात थरथरतात, छाती धडधडते आणि भूक उत्तम असूनही अंग उतरते, तर थायरॉइड तपासावी. अलीकडे ग्लिफ्लोझिन वर्गाच्या गोळ्या फार दिल्या जातात; त्या साखर लघवीवाटे मुद्दामच बाहेर काढतात व त्यांनी दोन-तीन किलो वजन कमी होते, पण रक्तातली साखरही त्याबरोबर उतरते. या गोळ्या घेत असता मळमळ व धाप लागली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी झालेले असू शकते, इतके ध्यानात ठेवावे.

परंतु आमच्या भागात, विशेषतः बायकांत, सर्वांत अधिक आढळणारा दोष अतिपथ्याचा आहे. भात बंद, बटाटा बंद, फळ बंद, मासळीही उगाचच बंद. सकाळी कारल्याचा रस आणि रात्री अर्धी भाकरी. अभ्युदयनगरातील एक मावशी अशा व्रतस्थ राहून आठ-नऊ किलोंनी उतरल्या होत्या आणि साखर तीनशेच्या खाली येत नव्हती. त्यांना पाहिजे होते ते इन्शुलिन, बांगडा आणि वाटीभर डाळ. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व अर्भके यांचा जो अभ्यास केला त्यात असे दिसले की, आपले मूल सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडातील साउदम्प्टनचे साडेतीन किलोचे. परंतु आपल्या मुलाच्या अंगात उणीव मुख्यतः स्नायूंची असते, मेद त्या मानाने राखलेला असतो. जन्मतःच ज्या देहाची स्नायूंची पुंजी तुटपुंजी, त्याने मधुमेहात ती गमावणे हे गोऱ्या मनुष्याने गमावण्यापेक्षा महाग पडते, असे माझे मत आहे. दिवाळीत एक करंजी खाल्लेल्या रुग्णाची मला तितकी काळजी वाटत नाही, जितकी फराळाच्या ताटाकडे पाठ करून बसलेल्या आणि गालफडे बसलेल्या रुग्णाची वाटते.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. ज्या वहीत साखरेचे आकडे लिहिता तिच्यातच दर महिन्याला एकाच काट्यावर केलेले वजनही लिहा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे साठ किलोच्या मनुष्याचे तीन किलो, उतरला आणि साखर खाली आली नाही, तर ती वही, चालू असलेली सर्व औषधे आणि वापरात असलेली सुई घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. लघवीतील कीटोन, छातीचे क्ष-किरणचित्र आणि थुंकी यांची तपासणी स्वतःहून मागा. आणि उलट्या, पोटात कळा, श्वासाला पिकल्या फळासारखा वास किंवा ग्लानी यांपैकी काहीही असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.