गप बस म्हटल्यानं कुणी गप बसत नाही

मोसंबीच्या बागेत रानडुकरं शिरू लागली, म्हणून गेल्या पावसाळ्यात बदनापूर तालुक्यातल्या आमच्या शेतावर एक पिल्लू आणलं. नाव ठेवलं राजा. माणूस दिसला की हे अडीच महिन्यांचं पोर गोल गोल धावायचं, अंगावर झेपावायचं, पायजमा दातांत धरून ओढायचं.

अडचण अब्बांची झाली. वजू करून ते ओट्याकडे निघाले की राजा नेमका त्यांच्यावर उडी घ्यायचा. कुत्र्याची लाळ लागली की आमच्याकडे तो कपडा धुतल्याशिवाय नमाजला चालत नाही. एका दिवशी अब्बांनी तीन कुर्ते बदलले. मग म्हणाले, "महिनाभर बघ. नाही सुधरलं तर ज्याचं त्याला देऊन टाक." राखणीच्या कुत्र्याला त्यांची ना नव्हती, त्याच्या धिंगाण्याला होती.

मी ओरडून पाहिलं, ढकलून पाहिलं. राजाला तो खेळच वाटायचा. एकदा चप्पल उगारली तर तो कोपऱ्यात जाऊन मुतला. माझा सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्यावरही मी असाच ओरडतो, हे मला तेव्हा कळलं.

लस टोचायला तालुक्याला नेलं तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ढकललं तरी तुमचा हात लागतोच ना? त्याला तेच तर पाहिजे."

मग घरात नियम केला. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचंही नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की हळू आवाजात नाव घ्यायचं आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. एकानं जरी उडीचे लाड केले तरी सगळी मेहनत पाण्यात. पहिले आठ दिवस तर उड्या वाढल्याच. आधी चालत होतं ते आता का चालेना, म्हणून तो जास्त जोर लावत होता.

दुसरी चूक झोपेची होती. एवढं पिल्लू दिवसाचे अठरा तासही झोपतं, आणि आम्ही आल्यागेल्याला दाखवायला त्याला उठवत होतो. संध्याकाळचा धिंगाणा निम्मा थकव्याचाच होता. लिंबाखाली पोतं टाकलं. तो तिथं गेला की कुणी हात लावायचा नाही. दात शिवशिवायचे, म्हणून जुन्या कापडाची गाठ चावायला दिली.

महिना संपत आला होता. जुम्म्याच्या दिवशी अब्बा ओट्यावर सूरह कहफ पढत होते. त्यात गुहेत झोपलेल्या तरुणांचं कुत्रं उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेलं आहे. राजा पायरीखाली तसाच पडला होता. अब्बांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. महिन्याची गोष्ट काढलीच नाही.

"उसको पानी रखा क्या?" एवढंच विचारलं.

मुलगा उठला आणि वाडगं घेऊन, न धावता, हळूहळू त्याच्याकडे गेला.